हात पोचेल एवढा चौथरा

९ जानेवारी

शिडी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन करण्यात अर्थ नाही. जन्मभर दगडावर हातोडा मारून कान घालवून बसलो. तू तिकडून घसा फोडतेस आणि मला इथे माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं. शिवाय जे सांगायचंय ते कारखान्यातल्या माणसांसमोर ओरडून बोलण्यासारखं नाही.

तुमच्या शहरातल्या अग्निशमन दलाच्या स्मारकाचं काम मला मिळालंय. रंगाच्या गोदामाची आग, आत गेलेले पाच जण. त्याहून जास्त तुला काय सांगायचं. एकच पुतळा हवाय, गणवेशातला, माणसाएवढा, खांद्यावर पाण्याचा पाइप. चेहरा पाचांपैकी कोणाचाच नको, नाहीतर घराघरांत भांडणं लागतील, असं स्मारक समितीच्या अध्यक्षांनी मला बजावलं. मी मान डोलावली. माझं आडनाव वेगळं, गाव वेगळं. त्या पाचांतल्या एकाचा मी मामा आहे हे समितीत कोणाच्या स्वप्नातही नाही. कळलं तर काम हातचं जाईल.

शिडी, चेहरा मी आपल्या लांब्याचा करणार. करणार कसला, केलाच. मनात तसं काही ठरवलं नव्हतं. लोखंडी सांगाडा उभा केला, माती चढवली, डोकं घडवायला बसलो, तर तोच यायला लागला. समोर फोटो नाही, काही नाही. ती भुवईवरची खूणसुद्धा आपसूक आली. शेवटच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला आला होता तेव्हा असल्याच सांगाड्याची सळई लागली होती त्याला. दवाखान्यात पोचेपर्यंत मी मातीने भरलेल्या हाताने भुवई दाबून धरली होती. "मामा, आगीत काही होत नाही आणि तुझ्याकडे येऊन टाके पडतात," म्हणून सारखा हसत होता. हसू नकोस, रक्त थांबत नाही, असं मी त्याला ओरडत होतो.

मातीच्या डोक्याचा फोटो सोबत पाठवतोय. बघवत असेल तरच बघ. काही चुकलं असेल तर सांग, माती ओली आहे तोवर सगळं बदलता येतं.

आणखी एक. चौथरा मी ठेंगणा मागून घेतलाय. स्मारक लोकांत मिसळलेलं वाटायला हवं, असं काहीतरी भारदस्त बोललो आणि समितीला ते फार आवडलं. खरं कारण तुलाच सांगतो. लहानपणी माळ्यावरचं सगळं तुझ्याकडून काढून घ्यायचो, म्हणून तुला शिडी म्हणतो ना? उभ्याउभ्या तुझा हात त्याच्या तोंडापर्यंत पोचला पाहिजे, एवढाच चौथरा आहे तो.

दादा


२४ जानेवारी

दादा,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी मशीनवर होते. शाळांचे गणवेश शिवायला घेतलेत, खाली बसायला जागा नाही एवढे गठ्ठे पडलेत. पत्र वाचलं आणि फोटोचं पाकीट तसंच गठ्ठ्याखाली सारलं. काही दिवस त्याच्यावर कपडे रचत गेले. शेवटी परवा सासूबाईंना अंघोळ घालून झोपवलं आणि खिडकीशी बसून उघडलं.

राग मानू नकोस. तू मोठा मूर्तिकार आहेस, या शहरात चौकाचौकात तुझी माणसं उभी आहेत. पण दादा, हा तो नाही.

आहे त्याच्यासारखा. रस्त्यात दिसला तर मी वळून बघेन. पण नाक तू एका बाजूला कललेलं केलंस, ते दुसऱ्या बाजूला कलायचं. हसताना ओठाचा कोपरा वर जायचा तो दुसरा. बारीक डोळासुद्धा दुसराच. आणि खूण तू डाव्या भुवईवर केलीस, ती उजव्या भुवईवर आहे. आहे म्हणते मी अजून. होती.

त्याला फोटो काढून घ्यायचा किती कंटाळा होता तुला माहीत आहे. दलाने फलकावर लावलेला फोटो नोकरीला लागतानाचा, त्यात टोपी भुवयांवर आणि खूण तर नाहीच. तुझ्याकडून परत आल्यावर टाके काढले, तेव्हा त्याने फोन समोर धरून स्वतःच स्वतःचा काढला आणि मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघ, एवढंसंच आहे, रडू नकोस.' खूण दाखवायलाच काढलेला फोटो आहे तो. त्याचा फोन त्याच्याबरोबर गेला. माझ्याकडे आला होता म्हणून एवढा तरी राहिला. मोठा करून घेतलाय, मशीनच्या वर लावलाय, रोज सकाळी उठल्यापासून तोच बघते. त्याचीच एक प्रत सोबत पाठवतेय. तुझा फोटो परत पाठवतेय, चुका पेनाने फुल्या मारून दाखवल्यात.

तू म्हणशील मी भुवई हाताने धरली होती. धरली असशील. पण तेव्हा तू घाबरलेला होतास आणि सगळीकडे रक्त होतं. मी नंतर आईपणाने रोज बघितलंय. हा एकच चेहरा तुझ्याकडून नीट झाला पाहिजे. बाकीचे पुतळे कसेही कर, मी एका शब्दाने बोलणार नाही.

तुझ्या बाकीच्या मंडळींची खुशाली कळवते. दवाखान्यासमोरच्या तुझ्या डॉक्टरच्या गळ्यातली नळी चोरीला गेली, आता तो नुसता छातीवर हात ठेवून उभा आहे, जणू त्यालाच कळा येताहेत. वाचणाऱ्या बाईच्या पुस्तकात कोणीतरी चहाचे कप टाकतं. आणि तुझ्या गुरुजींचा घोडेस्वार रस्ता रुंद करताना उचलला तो पाणीपुरवठ्याच्या आवारात नेऊन टाकलाय. पाइपांच्या ढिगाशेजारी घोडा आडवा पडलाय आणि स्वार अजून तलवार उगारून आहे. मला बघवलं नाही.

शिडी


६ फेब्रुवारी

शिडी,

गुरुजींच्या घोड्याचं वाचून दोन घास कमी गेले. त्या घोड्याचा पुढचा डावा पाय मी केलाय, शिकाऊ होतो तेव्हा. आडवा पडल्यावर तोच खाली गेला असणार.

तुझा फोटो मिळाला. मी तो मातीशेजारी टांगला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. खरं सांगू? शपथेवर सांगायची वेळ आली असती तर मी डावी भुवई म्हटलं असतं. माझ्या उजव्या तळव्याला अजून ती जागा जाणवते. पण तळवा म्हाताऱ्या माणसाचा आहे आणि फोटो फोटो आहे. त्यातून तू आई. तुझ्यापुढे मी कोण शहाणा लागून गेलो.

बदलला. नाक दुसरीकडे कलवलं, कोपरा हलवला, डोळा बारीक केला, खूण उजवीकडे आणली. खोटं नाही सांगत, पहिला चेहरा मोडताना हात अडखळला. ओल्या मातीवर तारेची कोरणी फिरवायची असते, लोण्यात फिरवल्यासारखी फिरते, तरी अडखळला. वय झालं, दुसरं काय.

समिती येऊन गेली. माझी तंतरली होती, पण त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे गेलंच नाही. पुतळ्याचा लहान नमुना बघून अध्यक्ष म्हणाले, छाती पुढे हवी. मी म्हटलं, खांद्यावर एवढा जड पाइप घेतल्यावर छाती पुढे येत नाही. मग म्हणाले, तेज हवं. मी म्हटलं, ब्राँझ चकाकवून देईन. त्यावर ते खूश झाले. एक सभासद मातीला बोट लावून म्हणाले, "हे असंच ओलं राहणार का?" आता अशा माणसाला काय सांगायचं! उठल्या-बसल्या फडकी भिजवून डोक्याला गुंडाळतो मी. एक दिवस चुकलो तर कपाळाला भेग जाईल. तापाच्या रोग्यासारखी सेवा चाललीय त्याची.

नव्या चेहऱ्याचा फोटो पाठवतोय. हो म्हणालीस की साचा घेतो. साचा घेतला की मग देवालाही बदलता येणार नाही.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

हो.

पाकीट उघडलं आणि मशीनवरच डोकं टेकून रडले. सासूबाई आतून विचारत होत्या काय झालं, काय झालं. सुई बोटात गेली म्हटलं. तोच आहे. मशीनवरच्या फोटोशेजारी लावून बघितला, केसाचाही फरक नाही. आता तू साचा घे, हात धुऊन मोकळा हो.

तुला एक सांगायचंय, इतर कोणाला सांगण्यासारखं नाही. मला हल्ली तो चालताबोलता आठवत नाही. आधी यायचा. दारात बूट काढताना, भाजी आवडली नाही की ताट ढकलताना. आता डोळे मिटले की तो फोटोच येतो. तेवढाच, तसाच, फोन समोर धरलेला. आवाज पण गेला. म्हणून मला तुझ्या पुतळ्याची घाई झालीय. निदान हाताला लागेल असं काहीतरी असेल.

भरपाईच्या कागदांसाठी पालिकेच्या कचेरीत जाते, तिथे गाडीचालकाची आई भेटते. बंबाची गाडी चालवायचा तो, पाचांतला सगळ्यात मोठा. बाई माझ्या कमरेएवढी आहे पण कचेरीतल्या कारकुनांना थरथर कापायला लावते. मला सरळ विचारलं, "पुतळा कोणासारखा करतायत गं?" मी म्हटलं, कोणासारखाच नाही म्हणे. ती म्हणाली, "मग तो कशाला करतात?" मला तिच्याकडे बघवेना. तिच्याकडेही लेकाचे फोटो फारसे नाहीत, आणि तिचा भाऊ पुतळे करत नाही. पण दादा, मी काही बोलणार नाही. मला तेवढा चांगुलपणा परवडत नाही आता.

शिडी


११ मार्च

शिडी,

डोकं ओतलं. ओतारी म्हणतो, इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ उतरलेलं पाहिलं नाही. डोकं वेगळं ओततो आपण, धड वेगळं, मग मानेशी जोडतो. गणवेशाच्या कॉलरखाली तो जोड जातो, कोणाला दिसत नाही.

माती सांगाड्यावरून काढून पुन्हा हौदात टाकली. तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हतो, पण हा रिवाजच आहे. गुरुजींच्या वेळेपासूनची तीच माती आहे. तुझा डॉक्टर, ती वाचणारी बाई, सगळे एकामागून एक त्याच मातीतून उठले आणि त्याच हौदात परत गेले. लांब्याही गेला. फडक्याने झाकून ठेवलीय.

आता धड करायला घेतो. दलाने एक खरा गणवेश पाठवलाय, तो लाकडी खुंटीवर टांगलाय. अंगाची मापं मात्र तूच दे, तुझ्यापेक्षा कोणाला माहीत असणार.

उद्घाटन एप्रिलच्या मध्यावर आहे. मी येईन. आपण अनोळखी असल्यासारखे शेजारी बसू. भाषणं मला ऐकू येणार नाहीत, तेवढं एक सुख आहे.

दादा


१९ मार्च

दादा,

मापं घे. टेप लावायची गरज नाही, बोटांत आहेत. छाती रुंद नाही, मनगटं जाड. बाही नेहमीपेक्षा दोन बोटं लांब लागायची, तयार शर्ट कधी बसला नाही त्याला. आणि उजवा खांदा उतरलेला. शाळेपासून. त्याच्या प्रत्येक शर्टाला मी उजव्या खांद्यात आतून कापडाची घडी घालत आले, म्हणजे कोणाला कळू नये. तू घडी घालू नकोस. खांदा जसा होता तसा उतरलेलाच कर.

उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंजवळ शेजारीण बसणार आहे. मी काय करणार सांगू? हसशील. सगळे गेले की त्याच्या तोंडावरून हात फिरवणार. टाके काढल्यानंतर कितीतरी महिने मी त्याच्या खुणेवर मलम चोळलं. कामावरून आला की समोर उभा करायचा आणि अंगठ्याने चोळायचं. "आई, पुरे, चामडी जाईल," म्हणायचा आणि तरी उभा राहायचा. एवढा लांबच्या लांब माणूस मान खाली घालून उभा! तेवढं एकदा करायचंय मला. मग पुढचं आयुष्य कसंही जाऊ दे.

हात पोचेल ना नक्की? आत्तापासून दाराच्या चौकटीवर हात उंचावून बघतेय. लोक म्हणतील बाई खुळावली.

शिडी


३ एप्रिल

शिडी,

थोडक्यात लिहितो. अंगात कणकण आहे. उद्घाटनाला येणं जमेलसं दिसत नाही. पुतळा ट्रकने पाठवतोय, बसवायला माणसं बरोबर आहेत.

तूही गर्दीत जाऊ नयेस असं मला वाटतं. लांबूनच बघ. हात लावण्याची घाई करू नकोस, ब्राँझवर रसायनाचा रंग चढवलाय, तो पक्का व्हायला वेळ लागतो. पुढेमागे मी येईन तेव्हा आपण बरोबर जाऊ.

उतरलेला खांदा उजवाच ना? अगदी नक्की?

दादा


१८ एप्रिल

दादा,

उजवाच. ते तू का विचारलंस ते मला आता कळलं, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझं पत्र वाचून आधी चिडलेच होते. स्वतःच्या हातचा पुतळा उभा राहतोय आणि याला कणकण! रंग पक्का व्हायचाय म्हणे. तुझी इतकी उद्घाटनं मी बघितली, आजवर कधी कोणाला हात लावू नका म्हणाला नाहीस. मला वाटलं, सगळ्यांसमोर मी रडून गोंधळ घालीन आणि गुपित फुटेल अशी तुला धास्ती आहे. म्हणून मागच्या रांगेत बसले. गुपचूप बसले. अध्यक्ष बोलले, दलाचे साहेब बोलले, मंत्र्यांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या. लांबून तो तोच होता.

मग खुर्च्या उचलायला लागले तशी मी पुढे गेले. चौथरा अगदी बेताचा केलायस. टाचासुद्धा उंचावाव्या लागल्या नाहीत. समोर उभी राहिले आणि उजवा हात वर केला. मी काही ठरवत नव्हते, अंगठा आपला आपण गेला, रोज जायचा तिथे. तिथे गुळगुळीत होतं.

मला वाटलं रंगाखाली बुजली असेल खूण. चाचपत राहिले. मग वर बघितलं तर खूण पलीकडच्या भुवईवर. समोर उभ्या माणसाच्या तोंडावर माझा उजवा हात त्याच्या डाव्या भुवईवर जातो, दादा. कितीतरी महिने तो तिथेच जात होता. माझा अंगठा चुकणार नाही. मग फोटो कसा चुकला? मी कशी चुकले?

तेवढ्यात कोणीतरी मला कोपराने बाजूला सारलं. चालकाची आई. वर बघत होती. तिचा हात त्याच्या छातीच्या बिल्ल्यापर्यंतच पोचत होता, तिथेच थोपटत होती. "माझाच आहे," म्हणाली. "ते म्हणत होते कोणाचाच नाही. बघ, माझाच आहे." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी हो म्हणावं म्हणून.

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? माझा आहे म्हणून भांडायला तो माझा असायला तरी हवा होता.

काय झालंय ते मला स्वच्छ लिही. ताप आला असेल तरी लिही.

शिडी


२५ एप्रिल

शिडी,

ताप नव्हता.

तुझी मापं आल्यावर धड करायला बसलो. उजवा खांदा उतरवला. वर तयार डोकं धरून बघितलं तर ते त्या खांद्यावर बसेना. मान एकीकडे म्हणते आणि खांदा दुसरीकडे. मला वाटलं मीच चुकतोय. फोटो पाहिला तर फोटोत डावा खांदा उतरलेला. तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा त्याच्या शर्टाकडे गेलं. शेजारी खुंटीवर दलाचा शर्ट टांगलेला होता, त्याची बटणं एका बाजूला आणि फोटोतल्याची दुसऱ्या.

कितीतरी फोन स्वतःचा फोटो काढताना आरशातल्यासारखा काढतात, शिडी. डावं ते उजवं. कारखान्यातल्या माणसांना विचारलं तर म्हणाले, हे सगळ्यांना माहीत असतं. मला नव्हतं. मी जन्मात स्वतःचा फोटो काढला नाही.

तू बटणं लावून पोट भरतेस आणि मी चेहरे करून. दोघांनीही त्या फोटोत नुसतं त्यालाच बघितलं. यात तुझा एकटीचा दोष काढायला जाशील तर मी ऐकणार नाही, तसंही मला ऐकू येत नाही.

तोवर डोकं ओतून झालं होतं. समितीकडे मुदत मागितली. मंत्र्यांची वेळ ठरलीय, म्हणाले. कारण विचारलं, ते सांगता येईना. नुसती खूण असती तर मी ती भरून दुसरीकडे कोरली असती. पण नाक, डोळा, ओठ, सगळंच उलटं आहे. खूण हलवता येते, चेहरा उलटवता येत नाही. आणि आता तो पालिकेचा आहे, मला त्याला हात लावायचीही परवानगी नाही.

पहिला जो मोडला तो बरोबर होता. ही गोष्ट मला खात सुटलीय. काही न बघता केला होता, आणि तोच तो होता. ओल्या फडक्याखाली चांगला महिनाभर माझ्याजवळ होता आणि मी रोज त्याच्यावर पाणी शिंपडत होतो. तू फुल्या मारून पाठवलेला त्याचा फोटो आहे माझ्याकडे, पण तुझ्या फुल्यांखाली नेमकं जे बघायचं तेच दिसत नाही.

हौदातून माती काढून पुन्हा बसलो. फोटो उलटा करून भिंतीकडे फिरवला, डोळे मिटले, जसा पूर्वी आला तसा येऊ दे म्हटलं. येत नाही. हात आता फोटोच्याच वाटेने जातो. परत परत तोच उलटा होतो.

एक उपाय आहे. मशीनवरचा फोटो काढ आणि आरशासमोर धर. आरशात जो दिसेल तो खरा लांब्या. त्यावरून मी लहानसं डोकं करीन, तुझ्या घरात ठेवायला. नुसतं हो म्हण.

दादा


२० मे

दादा,

हो म्हणता येत नाही.

तू लिहिलंस तसं केलं. फोटो भिंतीवरून काढला, सासूबाईंच्या खोलीतल्या आरशासमोर धरला. आरशात कोणीतरी होता. चांगला मुलगा होता, गणवेश नीट, बटणं बरोबर बाजूला. मी बघत राहिले, बघत राहिले. मला तो ओळखीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. मग धरायचं सोडून दिलं. तो खरा आहे हे मला कळतं रे, तू सांगतोस म्हणजे असणारच. पण मला रडूसुद्धा आलं नाही. भिंतीवरच्याला बघून येतं, आणि तो नाही हे ठाऊक असून येतं. आता तू लहानसं डोकं केलंस तर मी ते कोणाचं म्हणून घरात ठेवू? तू तुझी माती दुसऱ्या कोणासाठी वापर. वाळू देऊ नकोस मात्र.

मी स्वतःवर फार चिडले होते. आता तेही राहिलं नाही. गणवेशांचं काम आटोपलं, घर रिकामं दिसतंय.

चालकाची आई आता माझ्याकडे येते. दर रविवारी सकाळी ती पुतळा पुसायला जाते आणि मला बरोबर नेते. पालिका काही पुसत नाही, कबुतरांनी आत्ताच खांदे पांढरे केलेत. बादली ती आणते, फडकी मी नेते, शिवणातले उरलेले तुकडे. बूट, पाइप, बिल्ले ती घासते, सारखी बोलत असते, त्याला रागावते पण. त्याच्या भुवईवरची खूण तिच्या लेकाला नव्हती, पण तिने त्याचाही अर्थ लावून टाकलाय. "आत शिरताना लागलं असेल त्याला," म्हणते, "मूर्तिकाराला ते कळलं बघ. देवमाणूस असेल." मी तिला तुझं नाव सांगितलेलं नाही.

तिचा हात तोंडापर्यंत पोचत नाही. चौथरा तू माझ्या मापाचा केलायस. म्हणून तोंड मी पुसते. ओलं फडकं घेते, कपाळ, गाल, हनुवटी. आणि दर वेळी अंगठा त्याच्या त्याच्या जागी जातो, डाव्या भुवईवर, आणि तिथे चोळत राहतो. मी थांबवायला बघते, थांबत नाही.

"अगं, तिथे काय घासतेस?" ती खालून ओरडते. "पलीकडच्या भुवईवर धूळ बसलीय. खूण तिकडे आहे त्याची."

मग मी तिकडची पुसते.

शिडी